तुरुंगातील साथ आणि बंद्याचा हक्क

२०२३ च्या ऑगस्ट महिन्यात, मी बारावीत असताना, आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'साथीच्या काळात कैद्यांना तुरुंगाबाहेर सोडणे हा समाजावरील अन्याय होय.' मी विषयाच्या बाजूने बोलले. "प्रामाणिक माणसे घरात कोंडलेली आणि चोर मात्र मोकळे, हा कुठला न्याय?" या माझ्या वाक्याला सभागृहाने भरभरून टाळ्या दिल्या. मला दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस मिळाले. तो पेला अजून आमच्या घरी फळीवर आहे.

त्या आठवड्यात माझे मामा घरी आले होते. ते कारागृह शिपाई म्हणून तीस वर्षे नोकरी करून नुकतेच निवृत्त झाले होते. आईने कौतुकाने मला पुन्हा सगळे भाषण म्हणायला लावले. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "टाळ्या बऱ्या घेतल्यास पोरी. पण एक सांग. सरकारनं सांगितलं, दोन माणसांत सहा फूट अंतर ठेवा. आमच्या बराकीत एक माणूस कुशीवर वळला की शेजारच्याला जाग यायची. त्यांनी सहा फूट आणायचं कुठनं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे पदवीला राज्यशास्त्र घेतल्यावर मूलभूत हक्कांचे प्रकरण शिकताना मामांचा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवू लागला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला मी उशिरा दिलेले उत्तर होय. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. तरीही हा विषय केवळ वकिलांचा नसून प्रत्येक नागरिकाचा आहे, असे मला वाटते.

बंदी म्हणजे कोण?

आपण बोलताना 'कैदी' हा एकच शब्द वापरतो. कारागृहाच्या भाषेत मात्र दोन मुख्य वर्ग असतात. ज्यांना न्यायालयाने शिक्षा सुनावली आहे ते शिक्षाधीन बंदी, म्हणजे पक्के कैदी. ज्यांचा खटला अद्याप चालू आहे किंवा सुरूही झालेला नाही ते न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०१९ रोजी भारतातील कारागृहांत ४,७८,६०० बंदी होते आणि त्या कारागृहांची एकूण क्षमता ४,०३,७३९ इतकी होती. म्हणजे जेथे शंभरांची सोय तेथे एकशे अठरा माणसे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांपैकी सुमारे ६९ टक्के बंदी न्यायाधीन होते. माझ्या भाषणात मी ज्यांना सरसकट 'चोर' म्हटले, त्यांतील शंभरापैकी एकोणसत्तर जणांना कोणत्याही न्यायालयाने अद्याप चोर ठरवलेले नव्हते.

एकशे अठरा ही देशाची सरासरी झाली. सरासरीत खरी गर्दी दिसत नाही. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता ८०४ बंद्यांची असताना २०२० च्या वसंतात तेथे अडीच हजारांहून अधिक माणसे होती. साथीचा रोग अशा जागी शिरला तर काय होईल, हे सांगायला वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही.

कारागृह-ज्वराची जुनी गोष्ट

तुरुंग आणि साथ यांचे नाते आजचे नव्हे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये 'कारागृह-ज्वर' नावाचा रोग सर्वांच्या परिचयाचा होता. हा ताप म्हणजे टायफस. तो उवांमार्फत पसरतो, हे १९०९ साली शार्ल निकोल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्या काळी मात्र तो कोंदट हवेतून येतो अशी समजूत होती. कपडे न बदलता, अंघोळीविना, अंधाऱ्या कोठड्यांत गर्दीने ठेवलेल्या माणसांत तो झपाट्याने पसरे.

१७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातील बंद्यांना खटल्यासाठी आणले गेले आणि त्यांच्याबरोबर हा तापही आला. त्यात लंडनचे महापौर, न्यायाधीश आणि न्यायालयात हजर असलेले अनेक लोक दगावले. न्याय द्यायला बसलेल्यांना आरोपीच्या अंगावरील उवेने गाठले. तुरुंगाची भिंत माणसाला अडवते, रोगाला अडवत नाही, हा धडा इंग्लंडला असा मिळाला.

पुढे १७७३ साली जॉन हॉवर्ड हे बेडफर्डशायरचे शेरीफ झाले. आपल्या हद्दीतील तुरुंग पाहताना त्यांना दिसले की, निर्दोष सुटलेली माणसेदेखील तुरुंगरक्षकाची फी देता येत नाही म्हणून आत अडकून पडली आहेत. त्यांनी देशभरचे तुरुंग पायाखाली घातले आणि संसदेपुढे साक्ष दिली. १७७४ साली इंग्लंडमध्ये बंद्यांच्या आरोग्याविषयी कायदा झाला. भिंती खरवडून वर्षातून एकदा तरी चुना लावणे, हवा खेळती ठेवणे, आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या करणे, अंघोळीची सोय करणे आणि वैद्य नेमणे, अशा साध्या गोष्टी त्यात होत्या. १७७७ साली हॉवर्ड यांनी तुरुंगांच्या स्थितीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १७९० साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या खेर्सोन येथे, रोग्यांच्या सेवेत असताना तापानेच त्यांचा मृत्यू झाला.

या इतिहासातून एक युक्तिवाद निघतो आणि तो आजही वारंवार केला जातो. बंद्यांचे आरोग्य जपा, कारण त्यांचा रोग आपल्यापर्यंत येईल. शिपाई रोज घरी जातात, बंदी न्यायालयात येतात, सुटलेले गावी परततात, म्हणून तुरुंग स्वच्छ ठेवा. हा युक्तिवाद खरा आहे. परंतु माझ्या मते तो अर्धाच आहे. समजा, एखादा तुरुंग भर समुद्रात एखाद्या बेटावर आहे आणि तेथील रोग आपल्यापर्यंत कधीच येणार नाही. मग तेथील माणसांना मरू द्यावे काय? या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर बंद्याचा हक्क आपल्या भीतीवर नव्हे, दुसऱ्या कशावर तरी उभा आहे.

भायखळा, १८९७

आपल्या मुंबईच्या इतिहासातील एक प्रसंग या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या बंद्यांनी लस घेण्याची तयारी दाखवली, उरलेल्यांनी ती घेतली नाही. एकच तुरुंग, एकच अन्न, एकच हवा. लस घेतलेल्यांत रोग आणि मृत्यू यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. परळच्या ज्या संस्थेला आज हाफकिन यांचे नाव आहे, तिच्या कार्याच्या पायाशी भायखळ्याच्या त्या अनामिक बंद्यांचे दंड आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

हाफकिन यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मला प्रश्न पडतो तो 'तयारी दाखवली' या शब्दांचा. ज्याच्या जेवणाची वेळ, झोपेची जागा आणि दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे, त्याच्या संमतीला आपण कितपत मोकळी संमती म्हणावी? पुढील काळात जगाने या प्रश्नाची दखल घेतली. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यात भारत १९७९ साली सामील झाला, मोकळ्या संमतीवाचून कोणावरही वैद्यकीय प्रयोग करण्यास मनाई आहे. हा हक्क आणीबाणीतदेखील स्थगित करता येत नाही.

१८९७ च्या प्लेगची दुसरी बाजू आपल्याला अधिक परिचित आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. पुण्यात घरोघर झडत्या झाल्या आणि सोजिरांच्या वर्तनाने लोक संतापले. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. पुणेकरांची तक्रार प्लेग हटवण्याविषयी नव्हती. तो हटवण्याच्या नावाखाली देवघरात बूट शिरले, स्त्रियांची अप्रतिष्ठा झाली, याविषयी ती होती. साथ कितीही मोठी असली तरी माणसाच्या प्रतिष्ठेला हात लावण्याचा परवाना सरकारला मिळत नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको. तीच गोष्ट तुरुंगातल्या माणसाला लागू करताना मात्र आपण अडखळतो.

कायदा काय म्हणतो

भारतीय राज्यघटनेचा २१ वा अनुच्छेद सांगतो की, कायद्याने प्रस्थापित केलेल्या पद्धतीवाचून कोणत्याही व्यक्तीचे जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. येथे शब्द 'व्यक्ती' असा आहे. तिच्या मागे 'सज्जन' किंवा 'निरपराध' असे विशेषण घटनाकारांनी लावलेले नाही.

या अनुच्छेदाचा अर्थ न्यायालयांनी हळूहळू विस्तारला. आरंभीच्या एका खटल्याचा संबंध मराठीशीच आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी या स्थानबद्धाने तुरुंगात अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित प्रसिद्धीसाठी बाहेर पाठवू देण्यास सरकारने नकार दिला. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निर्णय दिला. १९७८ आणि १९७९ साली सुनील बत्रा प्रकरणांत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क संपत नाहीत हे तत्त्व ठामपणे मांडले. यांतील दुसरे प्रकरण एका बंद्याने दुसऱ्या बंद्याच्या छळाविषयी न्यायालयाला लिहिलेल्या पत्रातून उभे राहिले. १९७९ सालीच हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न पुढे आला आणि त्वरित खटला हा २१ व्या अनुच्छेदाचा भाग ठरला. १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, रुग्ण निरपराध असो वा अपराधी, त्याचे प्राण वाचवणे हे डॉक्टरचे कर्तव्य होय.

२०२० साली अंमलात असलेला तुरुंग कायदा १८९४ चा होता. म्हणजे तो इंग्रजांनी केलेला. तरीही त्याच्या ७ व्या कलमात अशी तरतूद होती की, तुरुंगात सुरक्षितपणे ठेवता येण्याजोग्या संख्येहून अधिक बंदी झाले, अथवा साथीचा रोग उद्भवला, तर तात्पुरते तुरुंग उभारून बंद्यांची व्यवस्था करावी. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही गर्दी आणि साथ यांचा संबंध ठाऊक होता.

संयुक्त राष्ट्रसंघाने बंद्यांच्या वागणुकीचे किमान नियम १९५५ साली केले आणि २०१५ साली ते सुधारून त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव दिले. त्यांतील २४ वा नियम असा की, बाहेरच्या समाजाला ज्या दर्जाची वैद्यकीय सेवा मिळते, त्याच दर्जाची सेवा बंद्याला विनामूल्य आणि भेदभावावाचून मिळावी. अधिक चांगली नव्हे, पण कमीही नव्हे.

या सर्वांमागील तत्त्व मी असे समजते. न्यायालय शिक्षा देते ती स्वातंत्र्य काढून घेण्याची. आजारपणाची शिक्षा कोणत्याही कायद्यात नाही. बाहेरचा माणूस साथीत दार लावून घेतो, औषध आणतो, गावी निघून जातो. बंद्याचे हे सर्व मार्ग राज्याने बंद केलेले असतात. ज्याने मार्ग बंद केले, त्याच्यावरच ती जबाबदारी येते. म्हणून बंद्याचे रक्षण ही सरकारची दया नाही, ते सरकारचे देणे आहे.

२०२० आणि २०२१ चा अनुभव

आता अलीकडील साथीकडे येऊ. १६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणाच्याही अर्जाची वाट न पाहता तुरुंगांतील संसर्गाच्या धोक्याची दखल घेतली. २३ मार्च रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदी जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्याचा आदेश दिला. कोणत्या वर्गातील बंद्यांना तात्पुरते सोडता येईल हे या समित्यांनी ठरवायचे होते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांचा विचार करता येईल, असे उदाहरणही न्यायालयाने दिले.

तरीही मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आर्थर रोड कारागृहात बंदी आणि कर्मचारी मिळून शंभरावर लोक बाधित आढळले. ८ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने फर्लो व पॅरोलच्या, म्हणजे संचित व अभिवचन रजेच्या, नियमांत दुरुस्ती करून शिक्षाधीन बंद्यांसाठी आकस्मिक अभिवचन रजेची सोय केली. सात वर्षांहून अधिक शिक्षा झालेल्यांना मात्र यापूर्वीच्या दोन रजांवरून वेळेवर परतल्याची अट होती. आता ज्याला पूर्वी कधी रजाच मिळाली नाही, त्याने वेळेवर परतल्याचा दाखला कुठून आणावा? मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी या अटीचा अर्थ सैल केला आणि पूर्वी न सुटलेल्या बंद्याला केवळ तेवढ्यावरून अपात्र ठरवता येणार नाही, असे म्हटले. राज्यात काही ठिकाणी शाळा आणि वसतिगृहे तात्पुरते तुरुंग म्हणून वापरली गेली.

दुसऱ्या लाटेत, ७ मे २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आदल्या वर्षी सुटलेल्यांना पुन्हा सोडण्यास सांगितले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, या २०१४ च्या आपल्याच निर्णयाची पोलिसांना आठवणही करून दिली. त्याच आदेशात एक गोष्ट अशी आहे की, जिने मला थांबवले. काही बंदी आपली सामाजिक स्थिती आणि संसर्गाची भीती यांमुळे बाहेर पडायलाच तयार नसतील, त्यांच्याही म्हणण्याचा सहानुभूतीने विचार व्हावा, असे न्यायालयाने म्हटले. टाळेबंदीत काम नाही, बाहेर घर नाही, अशा माणसाला तुरुंग बरा वाटावा! मी ज्याला 'मोकळे सोडलेले चोर' म्हणत होते, त्यांत असेही लोक होते.

लसीकरणाच्या वेळी आणखी एक अडचण पुढे आली. लस घ्यायला ओळखपत्र लागे. ६ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी पद्धत जाहीर केली. भटके, भिक्षेकरी, वृद्धाश्रमांतील लोक यांच्याबरोबर त्यात कारागृहातील बंदीही होते. मामा यावर म्हणाले, "आमच्या रजिस्टरात त्याचा नंबर, बापाचं नाव, अंगावरचा तीळसुद्धा लिहिलेला. आणि लस देताना त्यालाच विचारायचं, तू कोण ते सिद्ध कर!"

शेवटी २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साथीत सुटलेल्या बंद्यांना पंधरा दिवसांत परत हजर होण्यास सांगितले आणि हे प्रकरण मिटले. परंतु गर्दी मिटली नाही. ३१ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे सुटकेचे दोन आदेश होऊन गेल्यावरही, देशातील तुरुंगांत ५,५४,०३४ बंदी होते. भरणा १३० टक्के झाला होता आणि कच्च्या कैद्यांचे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले होते. बाहेर सोडण्याचे दार काही काळ उघडले, पण आत आणण्याचे दार सारा वेळ उघडेच होते. शिवाय न्यायालयांचे काम मंदावल्याने खटले पुढे सरकत नव्हते.

दोन प्रश्नांची गल्लत

माझ्या त्या भाषणातील मुख्य चूक आता मला दिसते. साथीत तुरुंगाविषयी दोन निरनिराळे प्रश्न असतात. पहिला, कोणाला सोडावे? दुसरा, जे आत राहतील त्यांची काळजी कशी घ्यावी? मी दोहोंची गल्लत केली होती, आणि सभागृहातील कोणालाही ती खटकली नाही.

सुटकेच्या बाबतीत गुन्ह्याकडे पाहणे योग्यच आहे. ज्याच्यापासून फिर्यादीला किंवा साक्षीदाराला धोका आहे, त्याला सरसकट सोडावे असे मी आजही म्हणणार नाही. ज्या स्त्रीने जिवावर उदार होऊन नवऱ्याविरुद्ध तक्रार केली, तिच्या दारात तो अचानक उभा राहिला तर तिच्या हक्काचे काय? विशेष कायद्यांखालील बंद्यांना या योजनेतून वगळण्याचे वर्गीकरण न्यायालयांनीही मान्य केले.

परंतु सुटकेतून वगळलेला माणूस उपचारातून वगळला जात नाही. किंबहुना त्याला बाहेर जाण्याचा मार्ग नसल्यामुळे आतील उपचाराची जबाबदारी अधिकच वाढते. तळोजा कारागृहातील दोन वृद्ध बंद्यांची प्रकरणे या संदर्भात सर्वश्रुत आहेत. कवी वरवरा राव यांना २०२० च्या जुलैमध्ये संसर्ग झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांना वैद्यकीय कारणासाठी सहा महिन्यांचा जामीन दिला. फादर स्टॅन स्वामी यांना कंपवाताचा आजार होता आणि हाताच्या कंपामुळे त्यांना पाणी पिण्यासाठी नळीच्या पेल्याची मागणी करावी लागली. २०२१ च्या मे अखेरीस त्यांना रुग्णालयात हलवल्यावर संसर्ग आढळला. जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोप खरे की खोटे, हे ठरवणारा खटला तोवर सुरूही झाला नव्हता. त्या आरोपांविषयी वाचकांची मते काहीही असोत, पाण्याचा पेला हा आरोपाच्या गांभीर्यावर अवलंबून असू नये, एवढे तरी आपण सर्वजण मान्य करू.

थोडक्यात, सोडायचे की नाही हे ठरवताना गुन्हा पाहावा, औषध देताना माणूस पाहावा.

मामांचे दिवस

२०२० च्या एप्रिलमध्ये राज्यातील काही कारागृहे पूर्णपणे कुलूपबंद करण्यात आली. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. कर्मचाऱ्यांनीही आतच मुक्काम करायचा. मामा त्यात होते. मामी रोज रात्री फोन करून विचारायची, जेवलात का. मी लहान होते, मला त्या फोनांची गंमत वाटे.

मामा सांगतात, बंद्यांच्या मुलाखती बंद झाल्या, कोर्टाची तारीख बंद, टपाल बंद. जुलाब लागावेत तसा बातम्यांचा सुकाळ दूरदर्शन संचावर, पण आपल्या घरची बातमी नाही. एक म्हातारा कच्चा कैदी रोज सकाळी त्यांना विचारी, "साहेब, आमच्या गावाकडं काय हाय?" मामांना त्याचे गाव कुठे आहे हेही ठाऊक नव्हते. ते म्हणत, "समदं ठीक हाय." पुढे फोनची सोय झाली. तेव्हा त्या म्हाताऱ्याला कळले की, त्याची बायको तीन आठवड्यांपूर्वीच गेली. "मी रोज त्याला ठीक हाय म्हणत होतो," एवढे सांगून मामा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी बी कोंडलेलाच होतो. पण मला माझी तारीख ठाऊक होती, अमक्या दिवशी घरी जाणार. त्याला ती बी ठाऊक नव्हती."

२०२० च्या मार्चमध्ये इटलीत आणि आपल्याकडे कोलकात्याच्या दमदम कारागृहात जो उद्रेक झाला, त्याची कारणे शोधताना भेटी बंद होणे हे एक प्रमुख कारण सांगितले गेले. बातमी न मिळणे हीदेखील एक साथच आहे, असे मला मामांच्या बोलण्यावरून वाटले.

काय करता येईल

या अभ्यासातून मला सुचलेल्या काही गोष्टी सुज्ञ वाचकांपुढे ठेवते.

१. गर्दी कमी करण्याचे काम साथ येण्यापूर्वीचे आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला, आणि प्रथमच गुन्ह्यात सापडलेला असल्यास एक तृतीयांश काळानंतर, सुटकेचा मार्ग आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेले आहेत. ही तरतूद दर महिन्याला नावानिशी तपासली गेली तर पुढील साथीत समित्यांना धावपळ करावी लागणार नाही.

२. सुटकेचे निकष लिखित आणि बंद्याला समजतील अशा भाषेत असावेत. जातमुचलक्यासाठी पैसे नाहीत म्हणून कोणी आत राहू नये. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बंद्याच्या अर्जाची वाट न पाहता त्याच्यापर्यंत जावा.

३. विलगीकरण हे औषध आहे, शिक्षा नव्हे. आजाऱ्याला अंधाऱ्या एकांत कोठडीत टाकले तर दुसरा आजारी आपला ताप लपवील, आणि लपवलेला ताप सर्व बराकीला लागेल. मंडेला नियमांत सलग पंधरा दिवसांहून अधिक एकांतवास निषिद्ध आहे, हेही येथे लक्षात ठेवावे.

४. मुलाखती बंद कराव्या लागल्या तर त्याच दिवशी फोन सुरू व्हावा, आणि घरातील आजार व मृत्यू यांची बातमी बंद्याला विनाविलंब मिळावी.

५. बंद्यांची बदली तपासणीवाचून करू नये. २०२० च्या मेमध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एका बाधित तुरुंगातून सॅन क्वेंटिन येथे बंदी हलवले गेले. तेथे दोन हजारांवर लोकांना संसर्ग झाला आणि २८ बंदी व एक कर्मचारी दगावले.

६. कारागृह कर्मचाऱ्यांची तपासणी, विश्रांती आणि लस यांची व्यवस्था बंद्यांच्या बरोबरीनेच व्हावी. आतली माणसे ते आणि बंदी अशी दोन्ही आहेत.

समारोप

मी हा लेख लिहून मामांना वाचून दाखवला. सॅन क्वेंटिन, बेडफर्डशायर ही नावे त्यांना रुचली नाहीत, पण म्हाताऱ्याची गोष्ट घातल्याबद्दल ते रागावलेही नाहीत. "त्याचं नाव नको घालूस," एवढेच म्हणाले.

यंदा आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळापुढे तोच विषय पुन्हा ठेवावा, अशी विनंती मी प्राध्यापकांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. या वेळी मी विषयाच्या विरुद्ध बाजूने नाव दिले आहे. माझे जुने भाषण वहीत आहे. विषयाच्या बाजूने बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ते हवे असल्यास मी आनंदाने देईन. 'प्रामाणिक माणसे कोंडलेली आणि चोर मोकळे' या वाक्याला टाळ्या हमखास मिळतात. त्याला फक्त एकच विनंती आहे. टाळ्या थांबल्यावर मी त्याला मामांचा प्रश्न विचारणार आहे, की बराकीतल्या माणसाने सहा फूट जागा आणायची कुठून? त्याचे उत्तर त्याने तयार ठेवावे.